लेकराला बरोबर ने

वरोरा

चि. सोनू,


भामरागड तालुक्यातल्या आरोग्य उपकेंद्राची ऑर्डर हाती आली, हे तुझ्या आईकडून कळलं. लगेच तिचं पुढचं सुरू, 'एवढंसं लेकरू त्या जंगलात कुठं नेते ही?' तू मला विचारलं नाहीस, पण आत्या आहे, सांगणारच. ने.

साधनाताई आमटे 1951 साली आमच्या वरोऱ्याबाहेरच्या खडकाळ माळावर राहायला गेल्या, तेव्हा विकासभाऊ साडेतीन वर्षांचे आणि प्रकाशभाऊ अडीचचे होते. सोबत सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, असं सांगतात. नागपूरच्या घुलेशास्त्रींच्या सोवळ्याओवळ्याच्या घरातली ही मुलगी. त्या काळी महारोगी दिसला की लोक लेकरं घरात ओढून घेत, आणि ही बाई आपली दोन्ही लेकरं घेऊन त्यांच्यातच राहायला गेली. नातेवाइकांना काय वाटलं असेल, ते तुझ्या आईवरून ओळख!

ताईंच्या त्यागावर भाषणं खूप होतात. मला ती ऐकवत नाहीत. एकदा त्याग म्हणून हात जोडले की कामाकडे कोणी बघत नाही. इतक्या जणांचा स्वयंपाक, दुखणीखुपणी, स्वतःची दोन पोरं आणि वर जिवाची पर्वा न करणारा नवरा, म्हणजे बाबा आमटे. पुढे पाठीच्या मणक्याच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येईना. उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं, एवढंच. 1990 मध्ये ते नर्मदाकाठी कसरावदला गेले, तेव्हा चौसष्टीच्या ताई त्याच माळावरचं आनंदवन सोडून बरोबर गेल्या. 2008 च्या फेब्रुवारीत बाबा गेले तोवर त्यांची शुश्रूषा चाललीच होती. त्यांनी नर्सिंगचा कोर्स केला नव्हता, पण आपल्या नर्सांपैकी किती जणींची एवढी ड्यूटी झाली असेल?

आपल्यालाही लोक देवी म्हणतात आणि क्वार्टरचं गळकं छप्पर तसंच ठेवतात. तू देवी होऊ नकोस. छपरासाठी अर्ज कर, पोच घे, हक्काची रजा घे.

भीतीचं म्हणशील तर ती तपासून घ्यायची. कुष्ठरोगाची भीती बरीचशी अज्ञानाची होती. डॅप्सोन तेव्हाच आलं होतं. आता तर बहुविध औषधोपचाराने सहा किंवा बारा महिन्यांत रुग्ण बरा होतो. फिकट चट्टा दिसला तर रुग्णाला डोळे मिटायला सांग, कापसाची वात हलकेच टेकव आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांग. चट्ट्यावर बोट आलं नाही तर त्याला पुढे पाठव. चुलीपाशी बसणाऱ्यांचे तळपाय तर पाहाच. बधिर झालेला पाय निखाऱ्यावर पडला तरी त्यांना कळत नाही, जखम चिघळल्यावर वासाने घरच्यांना कळतं.

मलेरियाची भीती मात्र खरी. तिथे हयगय नको. लेकरू औषध लावलेल्या मच्छरदाणीतच झोपलं पाहिजे आणि अंग गरम लागलं की त्याच दिवशी रक्त तपासायचं, 'उद्या बघू' नाही. दुसऱ्यांच्या पोरांच्या बोटाला सुई टोचताना नर्स असलेली आई स्वतःच्या पोराचं अंग चाचपायचं विसरते, हे मी वॉर्डात पुष्कळ पाहिलं.

तुझ्या तालुक्यातच हेमलकसा आहे. प्रकाशभाऊ आणि त्यांच्या पत्नी मंदाताई सत्तरच्या दशकात तिथे गेले. मंदाताई भूलतज्ज्ञ; शहरात त्यांना काय कमी होतं? त्यांची मुलं माडिया आदिवासी मुलांबरोबर तिथल्याच शाळेत शिकली आणि डॉक्टर झालेला दिगंत आज तिथल्या दवाखान्यात आहे. तेव्हा 'जंगलात पोरांचं वाटोळं होतं' असं आई म्हणाली, तर एवढं सांग. आणि माडिया भाषा शिक. पोट कधीपासून दुखतं, हे दुभाष्यामार्फत विचारलं की बाई लाजते आणि अर्धंच सांगते. तुझं लेकरू अंगणात खेळता खेळता तुझ्याआधी शिकेल, त्याच्याकडूनच घे.

पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो. जूनच्या आत महिनाभराचं धान्य, मीठ, काड्यापेटी आणि लेकराची औषधं भरून ठेव. आईशी मी बोलते. लेकरू रुळेपर्यंत पंधरा दिवस तिलाच सोबत पाठवते, म्हणजे तिचंही तोंड बंद होईल.

तुझी,
आत्या