हौद्यातली बॅटरी

अकोला

चि. बाबूस,

भजनी मंडळाच्या पिकअपचं तू काल फोनवर सांगितलंस. पुढची बॅटरी ठणठणीत, पण माईकसाठी हौद्यात बसवलेली दुसरी रोज बसते, आणि प्रकट दिनाला दिंडी शेगावला निघायची आहे. ‘मामा, नवीनच टाकून देतो,’ म्हणालास. तसं करू नको. पैसा वर्गणीचा आहे.

आधी मीटर लाव. सकाळी सेल्फ मारायच्या आधी दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट कागदावर लिही. 12.6 म्हणजे भरलेली, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग इंजिन आणि अॅम्प्लिफायर दोन्ही चालू ठेवून पुन्हा बघ. पुढे 14.2 आणि मागे 13 दिसले, तर मधल्या वाटेतच करंट अडतोय. मीटरची एक पिन पुढच्या प्लसवर, दुसरी मागच्या प्लसवर धर. मग तसंच मायनसला. जिथे अर्ध्या व्होल्टच्या वर दिसेल, ती बाजू खोल.

मायनस कधी विसरू नको. तुझ्या वयात मी प्रचाराच्या एका जीपला लागोपाठ दोन बॅटऱ्या विकल्या. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा अर्थिंगचा बोल्ट काढला. थिंबलखाली चेसिसचा रंग तसाच, त्यावर गंज. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, बोल्ट आवळला आणि चार्जिंग सुरू झालं. त्या जीपवाल्याचे पैसे मला अजून टोचतात.

वायरही तपास. घराच्या फिटिंगची 2.5 एमएम वायर पाच मीटर ओढून तिच्यातून 30 अँपिअर नेले, तर एक व्होल्ट वायरीतच जातो, वर ती तापते. 16 एमएमची टाक आणि दोन्ही बॅटऱ्यांजवळ एकेक फ्यूज दे. वायर कुठे घासली तर दोन्हीकडून करंट येतो, आणि हौद्यात लेकरं बसलेली असतात.

गाडी बीएस-6 असेल तर दोन्ही बॅटऱ्या जोडणाऱ्या रिलेकडे बघ. डिझेल वाचवायला अशा कित्येक गाड्यांत कॉम्प्युटर अल्टरनेटरचे व्होल्ट उतरवतो. व्होल्ट बघून जोडणारा रिले 12.8 च्या आसपास सुटतो आणि मागची उपाशी राहते. तिथे डीसी-डीसी चार्जरच लागतो.

बॅटरीत पाणी फक्त डिस्टिल्ड. आपला खारपाणपट्टा, बोअरचं पाणी घातलं की त्यातल्या क्षारांनी प्लेटा खराब होतात.

एक गोष्ट मंडळाला तूच समजावून सांग. दिंडी पायी चालते, म्हणून गाडी दिवसभर रांगते आणि इंजिन आयडलवर राहतं. तेवढ्या फेऱ्यांवर अल्टरनेटर फार देत नाही, माईक मात्र अखंड ओढतो. सगळं ठीक असूनही बॅटरी उतरेल. मुक्कामाच्या गावी रात्री लाइटवरचा चार्जर लावायला सांग, आणि तो आपल्याकडचाच दे, भाडं घेऊ नको.

आकडे लिहून झाले की रात्री फोन कर. ताईला नमस्कार.

तुझा मामा