तोडावयाचा वृक्ष आणि जोडावयाचा वृक्ष
॥ जय जय रामकृष्ण हरि ॥

श्रीमद्भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगताना म्हणतात की, सर्व वृक्षांमध्ये अश्वत्थ तो मी. पुढे पंधराव्या अध्यायात त्याच अश्वत्थास असंगरूपी शस्त्राने तोडावे, असेही तेच सांगतात. एका गावी सप्ताहात आमचे पंधराव्यावर निरूपण चालले असता एका माळकऱ्याने नेमका हाच प्रश्न केला, "महाराज, पिंपळ देव म्हणून पुजायचा का संसार म्हणून तोडायचा?" प्रश्न नुसता शब्दांचा नव्हता. देवळापुढला जुना पिंपळ काढून सभामंडप वाढवावा असा विचार त्या गावी चालला होता, आणि काही मंडळी त्याला पंधराव्या अध्यायाचाच आधार देत होती. तेव्हा या शंकेचा निवाडा शास्त्राने व संतांच्या आचरणाने करू.

प्रथम शब्द पाहावा. श्वः म्हणजे उद्या. उद्यापर्यंत टिकेल असा ज्याचा भरवसा नाही तो अश्वत्थ, अशी व्युत्पत्ती आचार्यांनी दिली आहे. ज्ञानोबारायांनीही या रूपकाचा पंधराव्यात मोठा विस्तार केला आहे. आता पारावरचा पिंपळ पाहा. तो आजा-पणज्यापासून उभा आहे. शिवाय गीतेतल्या वृक्षाचे मूळ वर आणि फांद्या खाली. अहो, असे झाड कुणाच्या अंगणात आहे? श्रोत्याने भलत्याच झाडाला हात घालू नये म्हणूनच जणू भगवंतांनी ही खूण सांगून ठेवली. तो वृक्ष म्हणजे संसार. त्याचे मूळ ब्रह्म. ते काही तुटत नाही. तुटायचा तो 'मी-माझे' हा पसारा, आणि तो ज्ञानानेच तुटतो. म्हणून तर शस्त्र लोखंडाचे सांगितले नाही. देवळापुढला पिंपळ आडवा केला तरी 'माझा मंडप, माझ्या नावाची फरशी' ही फांदी शाबूतच राहते. उलट तिला नवी पालवी फुटते.

तोडायचे काय ते कळले. आता जोडायचे काय ते तुकोबारायांस विचारावे. त्यांनी वृक्षवेलींना सोयरे म्हटले, हे सर्वांस पाठ आहे. पण भाऊबंद न म्हणता सोयरे म्हटले, यावर आपण थांबत नाही. भाऊबंद जन्मानेच मिळतात. सोयरीक जुळवावी लागते आणि जुळली की ती सांभाळावी लागते. सोयऱ्याच्या दारी कोणी रिकाम्या हाताने जात नाही; त्याच्या घरी अडचण असली तर आपण अंथरुणावर पडून राहत नाही. तुकोबा भंडाऱ्यावर बसत ते नुसत्या सावलीकरिता नव्हे. झाडाजवळ दुसऱ्याची निंदा चालत नाही, स्तुतीही चालत नाही. मग मन आपोआप आपलाच हिशेब काढू लागते. एकांताचे हे फळ त्या सोयऱ्यांनी दिले.

देहूस फाल्गुन वद्य द्वितीयेला, बीजेच्या दुपारी, नांदुरकीचा वृक्ष हलतो अशी श्रद्धा आहे व ते पाहावयास हजारो लोक जमतात. झाड हलले का यावर वाद घालण्यापेक्षा आपले मन हलले का, हे ज्याने त्याने घरी जाताना पाहावे.

तिसरा दाखला आळंदीचा. माउलींनी शके १२१८ मध्ये, म्हणजे इ. स. १२९६ साली, समाधी घेतली. पुढे सुमारे तीन शतकांनी माउलींनी एकनाथ महाराजांस स्वप्नात सांगितले की, अजानवृक्षाची मुळी कंठास लागली आहे, ती येऊन काढ. ही कथा संप्रदायात प्रसिद्धच आहे. नाथ आळंदीस आले, त्यांनी मुळी काढली. पण वृक्ष तोडला नाही. आजही अजानवृक्षाखाली बसून भाविक ज्ञानेश्वरीचे पारायण करतात. याच नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तिथेही तीच रीत: अपपाठ काढले, ग्रंथ राखला. गुंता तेवढा काढावा आणि जीव राखावा, असा या कथेचा भाव आम्ही घेतो. पंधराव्यातल्या असंगाचा हाच व्यवहारातला अर्थ नव्हे काय?

आणि वारकऱ्याला झाड परके कसे म्हणता येईल? आपली माळ तुळशीच्या काष्ठाची. वारीत आयाबाया डोईवर तुळशीवृंदावन घेऊन पंढरीपर्यंत चालतात. अरणच्या सांवतोबांनी तर आपल्या मळ्यातच पांडुरंग पाहिला.

हे आज सांगण्याचे कारण आहे. पालखीमार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंढरपुरात झाली. रस्ता रुंद झाला, वाहनांची सोय झाली. पण ज्यांच्या बुंध्याशी दिंड्या विसाव्याला टेकत, असे कित्येक जुने वड त्यात गेले. उन्हात डांबरावर अनवाणी पाऊल टाकणाऱ्यालाच त्यांची किंमत कळते. नुसते हळहळून सोयरीक निभत नाही. म्हणून काही नेम सांगतो.

पिंपळाचा पार बांधताना सिमेंट बुंध्यापर्यंत नेऊ नये. पाणी मुरायला माती मोकळी ठेवावी. बुंध्याला खिळे मारू नयेत, ढोलीत दिवा किंवा कापूर लावू नये. अजानवृक्षाचे पान प्रसाद म्हणून तोडू नये. गळलेले मिळाले तर मस्तकी लावावे. देवळाच्या भिंतीत किंवा शिखरात पाखरांच्या विष्ठेतून पिंपळ उगवतो व त्याने दगड फुटतात. तो लहान असतानाच मुळासकट अलगद काढावा आणि मोकळ्या रानात लावावा; नाथांनी घालून दिलेली हीच वाट आहे. वडाची जाड फांदीही पावसाळ्यात जीव धरते. मात्र लावून फोटो काढला की संपले, असे नाही. पहिले दोन-तीन उन्हाळे घागर वाहिली पाहिजे. प्रत्येक दिंडीने आपल्या विसाव्याच्या जागी एक वड लावावा आणि जवळच्या गावकऱ्यांच्या हाती सोपवावा. पुढल्या आषाढीला जाताना त्याची विचारपूस करावी, जशी लेक दिलेल्या घरी आपण करतो.

त्या गावच्या पिंपळाचे काय करायचे ते गावाने ठरवावे. शास्त्र काय म्हणते ते आम्ही सांगितले. आपण वाचकांनी आपल्या गावचा पार एकदा पाहून यावा, ही विनंती.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!