पट्टीचा नियम आपल्याच वहीत हवा

देगलूरच्या मोंढ्यात आणि आसपासच्या डाळमिलमध्ये संगणकावर हिशोब बसवून देण्याचं काम मी करतो. अहवाल आणि विश्लेषणाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांच्या खरेदी-विक्रीची बातमी आली की इथले व्यापारी विचारतात, "अमेरिकेत कुणी कुणाला घेतलं, आपल्याला काय त्याचं?" आपल्याला त्याचं पुष्कळ आहे, आणि ते ऐन सोयाबीनच्या हंगामात कळतं.

इथल्या एका अडत दुकानात जो प्रोग्रॅम चालायचा, तो बनवणारी छोटी कंपनी एका मोठ्या कंपनीनं घेतली. आधी पत्र आलं की सेवा आहे तशीच चालू राहील. मग दुसरं पत्र आलं: जुनी आवृत्ती बंद, नवी घ्या, दरवर्षी वर्गणी भरा. दुकानदारांनी सगळी माहिती बाहेर काढून देण्याचं काम माझ्याकडे सोपवलं. माहिती निघाली, पण शेतकऱ्यांची नावं युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेली, त्यामुळे एक्सेलमध्ये नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं दिसू लागली. त्यावर कन्व्हर्टर मिळतात. उरलेली जोडाक्षरं हातानं दुरुस्त केली. ते निभलं.

वजन मात्र जुळेना. जुन्या छापील पट्टीवर एक, काढलेल्या तक्त्यात दुसरं. समजा 20 क्विंटल सोयाबीन आलं आणि ओलावा 14 टक्के निघाला. 12 च्या वर दर टक्क्याला एक टक्का कट ठरला असेल तर 40 किलो वजा होऊन पट्टी 19.60 क्विंटलची होते. भाव 4,000 धरला तरी 1,600 रुपयांचा फरक पडतो. डेटाबेसमध्ये काट्यावरचं 20 क्विंटल आणि ओलाव्याचा आकडा, एवढंच होतं. कटाचं सूत्र रिपोर्टच्या पोटात, आणि रिपोर्टला कंपनीचं कुलूप. शेवटी मुनीमजींना विचारत, जुन्या पट्ट्या पसरून, ते सूत्र उलट्या बाजूनं काढलं. मधल्या कोणत्या साली कट बदलला, हेही पट्ट्यांवरूनच शोधावं लागलं. उचल बाकी असलेल्या शेतकऱ्याशी 40 किलोचा वाद किती जिव्हारी लागतो, हे मोंढ्यात बसणाऱ्याला सांगायला नको.

म्हणून माझं सांगणं असं की प्रोग्रॅम घेतानाच, ही कंपनी उद्या दुसऱ्याची होणार, हे धरून चाला. व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेल्या अनेक प्रोग्रॅमच्या पट्ट्या आणि बिलं ज्यावर छापली जायची, ते क्रिस्टल रिपोर्ट्स मूळचं कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या एका छोट्या कंपनीचं. ते 1994 मध्ये सीगेटकडे गेलं, 2003 मध्ये बिझनेस ऑब्जेक्ट्सकडे. मग 2007 मध्ये सॅपनं सुमारे 6.8 अब्ज डॉलरला बिझनेस ऑब्जेक्ट्सच घेण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी ऑरॅकलनं हायपेरियन घेतलं आणि आयबीएमनं कॉग्नोसचा सौदा केला. वर्षभरात या धंद्यातली तीन मोठी स्वतंत्र नावं दुसऱ्यांच्या छत्राखाली गेली. जून 2019 मध्ये पुन्हा तेच: गूगलनं लूकर 2.6 अब्जाला आणि सेल्सफोर्सनं टॅब्लो 15.7 अब्ज डॉलरला घेण्याचं काही दिवसांच्या अंतरानं जाहीर केलं. घेणाऱ्याचा हिशोब सरळ असतो. अहवाल आपल्या हातात आला की त्यामागची माहितीही आपल्याच क्लाउडवर यावी, आणि गिऱ्हाईक हलू नये.

फुकटच्या भरवशावरही राहू नका. गूगलचं फ्यूजन टेबल्स डिसेंबर 2019 मध्ये बंद झालं. पॉवर बीआयचं डेस्कटॉप आजही फुकट आहे, मी ते वापरतो आणि चांगलं आहे. पण अहवाल इतरांना वाटायला लागणारं प्रो एप्रिल 2025 मध्ये माणशी महिना 10 डॉलरवरून 14 वर गेलं.

भाव वाढला तर माणूस कुरकुरत भरतो. सूत्रांचं तसं नाही. पॉवर बीआयची सूत्रं डॅक्समध्ये, लूकरची लूकएमएलमध्ये, टॅब्लोची तिसऱ्याच पद्धतीची. माहिती एकीकडून दुसरीकडे नेता येते, सूत्र पुन्हा लिहावं लागतं. आणि आता तर साध्या भाषेत प्रश्न टाईप करा, यंत्र उत्तर देईल, अशी सोय आली आहे. "मदनूरकडून यंदा निव्वळ आवक किती?" असं विचारलं, तर कट कसा धरायचा हे त्या यंत्राला कुणीतरी आधी सांगितलेलं असावं लागतं.

ते सांगणारे आपण असायला हवं. ओलाव्याचा कट, मातेरं, तोलाई, हमाली, अडत, प्रत्येकाचा नियम कोणत्या तारखेपासून लागू, हे साध्या वहीत मराठीत लिहून ठेवा. नियम बदलतच राहतात. 2024 च्या खरिपात सरकारी खरेदीसाठीसुद्धा सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा 12 वरून 15 टक्क्यांवर नेली गेली. शक्य असेल तिथे कट वजा केलेलं वजनही डेटाबेसमध्येच साठवायला सांगा. रिपोर्टनं फक्त छापावं. विकणारा समोर बसलेला असतानाच सगळी माहिती युनिकोडमध्ये सीएसव्ही फाईलला काढून दाखव म्हणा. तो "नंतर बघू" म्हणाला, तर पैसेही नंतरच द्या. आणि कंपनीचा मालक बदलला तरी माहिती व सूत्रं दोन्ही मिळतील, हे करारात लिहून घ्या.

बदलायचंच असेल तर मे-जूनमध्ये, आवक रोडावलेली असताना. दसरा ते दिवाळी हात लावू नका. नवा प्रोग्रॅम बसला तरी सोयाबीन आणि तुरीचा एक पूर्ण हंगाम दोन्हीकडे नोंदी ठेवा, आणि रोज संध्याकाळी चार-दोन पट्ट्या शेजारी ठेवून वजन, कट नि रक्कम ताडून घ्या.