शांत बाळाकडे दोनदा बघा

माझी लेक ठाण्यातल्या एका प्रसूतिगृहात जन्मली. जन्मताच खणखणीत रडली, वजन पावणेतीन किलो, अपगार गुण पहिल्या मिनिटाला ८, पाचव्या मिनिटाला ९. लवकरच सुट्टी मिळाली आणि आम्ही डोंबिवलीला माझ्या माहेरी आलो.

पाचवीच्या पूजेला घर भरलं. जो तो म्हणे, "किती गुणी बाळ! रडत म्हणून नाही." ती नुसती झोपायची. छातीशी घेतलं की चार घोट ओढून डोळे मिटायची. लंगोटही फारसे ओले होत नव्हते. समोरची इमारत इतकी जवळ, की आमच्या खोलीत भरदुपारी ट्यूबलाइट लागते. त्या उजेडात तिचा रंग कुणाला कळला नाही. माझी मावशी निवृत्त परिचारिका. तिनं बाळाला गॅलरीत नेलं, कपाळावर बोट हलकेच दाबून सोडलं, मग तळपाय पाहिले. पिवळे होते. "पूजा होत राहील, आधी डॉक्टर," ती म्हणाली.

रक्तातलं बिलिरुबिन बरंच वाढलं होतं. माझा रक्तगट ओ, लेकीचा बी. अशा जोडीत बाळाच्या लाल पेशी जास्त फुटू शकतात. निळ्या दिव्याखाली उपचार वेळेत सुरू झाले आणि ती बरी झाली. कावीळ फार चढली तर मेंदूला कायमची इजा होते, म्हणून हे सांगते आहे.

अपगार गुण ही डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ साली बसवलेली पद्धत. रंग, हृदयाचे ठोके, प्रतिसाद, स्नायूंचा ताण आणि श्वास यांना प्रत्येकी ० ते २ गुण मिळतात. जन्मल्याजन्मल्या बाळाची स्थिती कशी आहे, एवढंच त्यातून कळतं. पुढच्या आठवड्याची हमी त्यात नसते. कावीळ साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी चढते, आणि नेमकं तेव्हा बाळ घरी असतं.

म्हणून घरी रोज हे पाहा. बाळ दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा जोर लावून दूध ओढतं का? पाचव्या दिवसापासून निदान सहा लंगोट ओले होतात का? दिवसाच्या उजेडात अंग कुठवर पिवळं दिसतं? बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. ६० किंवा जास्त भरले, तर पुन्हा मोजा. तेवढेच आले, छाती आत ओढली जात असेल, अंग तापलं किंवा गार पडलं, बाळ दूध सोडून सुस्तावलं, पहिल्याच दिवशी पिवळं दिसलं किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर सकाळची वाट पाहू नका. कोवळं ऊन हा काविळीवरचा उपचार नव्हे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायचं असतं. पण आपल्याकडे बाळंतपण ठाण्यात, माहेर कल्याण-डोंबिवलीत, महापालिकाही वेगळ्या. नोंद सासरच्या पत्त्यावर राहिली, तर माहेरच्या दाराशी कुणी येणार कसं?

सुट्टी घेताना तीन गोष्टी मागून घ्या: आईचा आणि बाळाचा रक्तगट, सुट्टीच्या दिवशीचं वजन, आणि दोन-तीन दिवसांतली फेरतपासणीची तारीख. प्रत्यक्ष राहणार तो पत्ता जवळच्या आरोग्य केंद्रात कळवा. आजारी नवजात बाळावर सरकारी रुग्णालयात मोफत उपचार होतात. तातडीला १०८ लावा. पाचवीला पाहुणे येतीलच, पण त्या दिवशी आरतीआधी बाळाला उजेडात नेऊन नीट पाहा आणि शंका आली तर लगेच निघा.