नव्या पंचासाठी मामाचे कानमंत्र

बेटा, पास्टोरेट कमिटीवर तुझी निवड झाल्याचं कळलं. मनापासून आनंद झाला. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 साली सुरू झालं. तेव्हापासून आपल्या भागात मंडळ्या उभ्या राहिल्या, कुठे फुटल्या, कुठे पुन्हा सांधल्या. सांधण्याचं बरंचसं काम कमिटीच्या खोलीत, कुणाच्या तरी ओट्यावर, अर्पणाच्या वहीसमोर बसून झालं. ते करणाऱ्या जुन्या पंचांनी मला जे सांगितलं, ते आता तुला सांगतो. काही माझ्या पदरचंही आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. प्रौढ ख्रिस्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लांब प्रार्थना करणारा, वचनं तोंडपाठ असणारा, उपवास धरणारा माणूस येतो. हे सगळं चांगलंच आहे. पण करिंथच्या मंडळीला कृपादानांची वाण नव्हती, तरी पौलाने त्यांना बाळंच म्हटलं, कारण त्यांच्यात हेवा आणि भांडणं होती. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय काढून बघ. एकी आणि प्रौढपणा तिथे एकाच ओघात येतात. माणूस विश्वासात किती वाढलाय, हे त्याचं कुणाशी बिनसलं की कळतं. आता ऐक.

1. आधी त्या माणसाकडे जा

कुणी दुखावलं तर पहिल्यांदा त्याच्याकडे, एकट्याने जायचं. नाही ऐकलं तर एक-दोघांना बरोबर घ्यायचं आणि मगच मंडळीपुढे आणायचं. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातली ही पायरी प्रभूने स्वतः घालून दिली आहे. आपण ती नेमकी उलटी चढतो. आधी सगळ्या आळीला कळतं, मग व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतं, आणि ज्याच्याबद्दल चाललंय त्याला सगळ्यांत शेवटी पत्ता लागतो.

यातला एक प्रकार फार वाईट आहे, त्याच्यापासून सांभाळून राहा. प्रार्थनासभेत डोळे मिटून, मोठ्याने, 'प्रभू, आमच्यातल्या काही जणांना सद्बुद्धी दे' अशी प्रार्थना करायची. कुणाबद्दल आहे ते खोलीतल्या प्रत्येकाला कळतं. तो माणूस समोर बसलेला असतो आणि त्याला उत्तरही देता येत नाही, कारण बोलणं देवाशी चाललेलं असतं. गाऱ्हाण्याला प्रार्थनेचा अंगरखा घालू नकोस आणि दुसऱ्या कुणी घातला तर सभेनंतर त्याला बाजूला घेऊन प्रेमाने सांग.

तुझ्याकडे कुणी तक्रार घेऊन आलं की एकच प्रश्न विचार : 'त्यांच्याशी बोललात का?' नाही म्हणाले, तर म्हण, 'चला, मी येते बरोबर.' बहुतेक तक्रारी तिथेच निवळतात. ज्या उरतात, त्या खरोखर कमिटीपुढे यायला हव्यात.

2. दोघांना सारखंच वजन दे

फिलिप्पैच्या मंडळीत युवदिया आणि सुंतुखे या दोन बायकांचं बिनसलं होतं. चूक कुणाची, हे पौलाने लिहिलं नाही. विनंती मात्र दोघींना वेगवेगळी, नाव घेऊन केली, आणि या दोघींनी सुवार्तेसाठी माझ्या बरोबरीने कष्ट केलेत याची मंडळीला आठवण दिली. शिवाय तिथल्या एका भरवशाच्या सोबत्याला, या दोघींना मदत कर, असंही सांगितलं.

मध्यस्थी करायची वेळ आली की असंच कर. दोन्ही घरी जा. एका घरी चहा घेतलास तर दुसऱ्या घरीही घे. नुसतं ऐक आणि इकडचं तिकडे सांगू नकोस. त्या दोघांनी मंडळीसाठी काय केलंय ते दोघांसमोर बोलून दाखव. भांडणाच्या भरात माणसाला समोरच्याचं भलं काम आठवतच नाही, ते कुणीतरी आठवून द्यावं लागतं.

3. पाळकांचे पक्ष होऊ देऊ नकोस

पाळक बदलून जातात, मंडळी तिथेच राहते. नवे पाळक साहेब आले की 'आधीच्या पाळकांच्या वेळी असं नव्हतं' हे वाक्य सुरू होतं. करिंथमध्येही एक गट म्हणायचा आम्ही पौलाचे, दुसरा म्हणायचा आम्ही अपुल्लोसाचे, तिसरा केफाचा. पौलाने स्वतःच्या गटालाही थारा दिला नाही. एकाने लावलं, दुसऱ्याने पाणी घातलं, वाढवणारा देव, असं त्याने त्यांना समजावलं.

याचा रोजचा अर्थ सांगतो. आधीच्या पाळकांवर प्रेम असेल तर त्यांना पत्र लिही, नाताळाला फोन कर. घरच्या लग्नाला किंवा बाप्तिस्म्याला त्यांना बोलवायचं असेल तर आधी आत्ताच्या पाळकांना विचार. मंडळीतली कुरबुर मात्र त्यांच्या कानावर घालू नकोस. आणि आत्ताच्या पाळकांचं काही चुकत असेल तर तेही पहिल्या कानमंत्राप्रमाणे, त्यांच्या घरी जाऊन, समोरासमोर सांग. पेत्राचं चुकलं तेव्हा पौल त्याच्या तोंडावर बोलला. आदर ठेवायचा म्हणून गप्प बसायचं नसतं, तसंच बोलायचं म्हणून आदर सोडायचा नसतो.

4. कुरकुर ऐकू आली की यादी तपास

हा कानमंत्र सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष व्हायचं. इब्री बोलणाऱ्यांना ते जाणवलंही नसेल, कारण त्यांच्या विधवांना मिळत होतं. कुरकुर झाली. बारा प्रेषितांनी 'कुरकुर करणं पाप आहे' असा उपदेश केला नाही. त्यांनी मंडळी बोलावली आणि सात माणसं निवडायला सांगितली. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय : ती सात नावं वाच. सातही ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूची माणसं वाटपावर नेमली गेली. आणि त्यानंतर लगेच वचन वाढत गेल्याचं लिहिलं आहे.

आपल्याकडे ही दुफळी भाषेची फारशी नसते. ती आडनावाची असते, मूळ गावाची असते, आजोबा कोणत्या समाजातून आले याची असते. माणूस ख्रिस्तात आला, बाप्तिस्मा झाला, प्रभूच्या मेजाशी बसला, तरी सोयरीक जुळवताना जुनी जात हळूच विचारली जाते. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त आपलं सोवळंओवळं कसं हळूहळू सुटलं ते लपवाछपवी न करता लिहिलं आहे. तेवढा सरळपणा आपल्यालाही जमला पाहिजे. आपल्या मंडळीत जात नाही, असं म्हणून टाकलं की मग ती शोधायची कुणाला गरजच वाटत नाही.

म्हणून तू सभासदांची वही घे आणि नावांवर बोट ठेवत जा. कुणाच्या घरी वर्षभरात एकही प्रार्थनासभा झाली नाही? शास्त्रपाठ वाचायला, साक्ष द्यायला, शब्बाथशाळा घ्यायला नेहमी कोणती घरं असतात? रुग्णभेटीला आपण बंगल्यांत जातो तेवढे पत्र्याच्या घरांत जातो का? नाताळच्या फेरीत कोणती गल्ली दरवर्षी वेळेअभावी राहून जाते? या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की एकी कुठे उसवलीय ते दिसेल. मग टाका तिथेच घाल, आणि सुई त्याच लोकांच्या हातात दे.

5. शेवटच्या पंगतीला बस

करिंथची मंडळी प्रभुभोजनाला जमायची तेव्हा ज्यांच्याकडे खायला होतं ते आधी खाऊन घ्यायचे. बाकीचे येईपर्यंत काही उरत नसे. एकाचं पोट रिकामं, दुसरा पिऊन तर्र. पौलाने त्यांना सांगितलं की जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. अध्यात्माची एवढी खोल गोष्ट त्याने पंगतीच्या शिस्तीत सांगितली आहे.

हंगामाच्या सणाला, मंडळीच्या जेवणाला तू हेच कर. पंचांनी आणि त्यांच्या घरच्यांनी वाढायला उभं राहायचं. कामावर जाऊन मग येणारे, शिफ्ट संपवून येणारे, वस्तीवरून चालत येणारे यांच्यासाठी वेगळं झाकून ठेवायचं, आणि ते आले की त्यांच्याच पंगतीला आपण बसायचं. आमटी तळाला लागलेली असेल, तरी तीच आपल्या वाट्याला येऊ दे. लोक तुझी प्रार्थना विसरतील, हे विसरणार नाहीत.

6. पैसा उजेडात मोज

मंडळ्या शिकवणुकीवरून फुटतात त्याहून जास्त हिशेबावरून आणि जागेवरून फुटताना मी पाहिल्या आहेत. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली, आपल्याकडे कुणाला बोट दाखवता येऊ नये म्हणून. प्रेषितालाही साक्षीदार लागले.

अर्पण कधीही एकट्याने मोजू नकोस, कितीही घाई असली तरी. उपासना संपल्यावर तिथेच, टेबलावर थैली उपडी करायची, नोटा आणि नाणी वेगळी लावायची, दोघांनी मोजायचं, तिसऱ्याने वहीत लिहायचं, तिघांनी सह्या करायच्या आणि मगच कुलूप लावायचं. 'उद्या लिहू' म्हणायचं नाही. महिन्याचा जमाखर्च दारातल्या फळ्यावर लाव. खजिनदार कितीही प्रामाणिक असू दे, हे केल्याने त्याचीच अब्रू राखली जाते.

7. सगळ्यांचं मत एक व्हायची वाट पाहू नकोस

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी झाली. आपले नगरकडचे लोक त्यातल्या संयुक्त मंडळीचे होते. बरोबर अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि मेथॉडिस्ट परंपरेतले काही जण होते. बोलणी 1929 पासून चालू होती, म्हणजे 41 वर्षं लागली. बाप्तिस्मा लहान बाळाला द्यायचा की कळत्या वयात विश्वास कबूल केल्यावर, हा केवढा मोठा प्रश्न! त्यावर दोन्ही पद्धती मान्य ठेवून ते एका छताखाली आले.

बाप्तिस्म्याच्या बाबतीत आपल्या वडीलधाऱ्यांनी एवढं मोठं मन केलं, मग गिटार आणि ड्रमवरून आपण कशाला अबोला धरायचा? रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आज आपण जुनी ठेव म्हणून जपतो. ती आली तेव्हा नवीच होती, कारण तोवर उपासनेत बरीचशी गीतं परदेशी चालींवर बसवलेली असायची. तरुण संघाला एक गीत त्यांच्या पद्धतीने म्हणू दे, आणि त्याच रविवारी एक भजन त्यांनी पेटी-तबल्यावर आजोबांकडून शिकून म्हणावं असा आग्रह धर. दोन्ही बाजूंनी थोडं सोसलं की दोघांनाही मंडळी आपली वाटते.

कधी वाटा वेगळ्याही होतात. मार्काला बरोबर न्यायचं की नाही यावरून पौल आणि बर्णबा वेगळे झाले. पण शेवटच्या दिवसांत पौलाने तीमथ्याला, मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे, असं कळवलं. कुणी मंडळी सोडून गेलं तर त्याच्या दाराशी परतीची वाट उघडी ठेव. त्याच्या घरी मयत झालं, बाळ झालं, तर पहिली तू जा.

8. जागा सोडायला पहिल्या दिवसापासून शीक

पद मिळालं की ते आपलं वाटायला लागतं. देवाने पाळक, शिक्षक, पुढारी दिले ते बाकीच्यांना सेवेसाठी तयार करायला, असं त्याच इफिसच्या पत्रात आहे. म्हणून तू जे काम हातात घेशील, त्यात वर्षाच्या आत एकाला तयार कर, आणि तो आपल्या गोटातला नसला तर फारच उत्तम. तुझ्याशिवाय ते काम नीट चालायला लागलं की प्रभूचे आभार मान आणि दुसऱ्या कामाला लाग.

पहिल्या बैठकीच्या आधी एवढं कर : सभासदांच्या वहीतून, बऱ्याच दिवसांत उपासनेला न आलेलं एक घर शोध आणि पाळक साहेबांना घेऊन तिथे जा. का येत नाही असं विचारू नकोस, कसे आहात ते विचार. तिथे जे ऐकशील, ते बैठकीतल्या कुठल्याही विषयपत्रिकेपेक्षा तुला जास्त शिकवेल.

प्रभू तुला शहाणपण आणि सोशिकपणा देवो. घरी सगळ्यांना सलाम.

तुझा मामा