मोटर बंद करताना पीएलसी का रिसेट होतो?

प्रश्न : शिरपूरजवळ आमची जिनिंग-प्रेसिंग मिल आहे. प्रेसच्या पंपाची मोटर बंद केली की कधी कधी पीएलसी रिसेट होतो. रिले आउटपुटचं एक कार्डही गेलं. स्टॅबिलायझर बसवू का?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : स्टॅबिलायझरवर पैसे घालू नका. तो व्होल्टेजचे सावकाश होणारे चढउतार सावरतो. तुमचा झटका मायक्रोसेकंदांचा आहे.

गडबड मोटर सुरू होताना झाली असती, तर व्होल्टेज पडतंय असं म्हटलं असतं. थेट सुरू होणारी मोटर पूर्ण भाराच्या साधारण 6 ते 8 पट करंट ओढते. बंद करताना होतेय, म्हणून पहिला संशय कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर. तिचा करंट एकदम तुटला की साठलेली चुंबकीय ऊर्जा वाट शोधते. 230 व्होल्टच्या कॉइलवरही हजाराच्या वर व्होल्टेज उसळू शकतं आणि कंट्रोल वायरिंगमधून कार्डापर्यंत पोचतं.

एसी कॉइलच्या ए1-ए2 टर्मिनलांवर आरसी सप्रेसर लावा. डीसी कॉइल असेल तर उलटा डायोड. डायोडमुळे कॉन्टॅक्टर सुटायला किंचित उशीर होतो, हे ध्यानात ठेवा. सप्रेसर कॉइललगतच हवा, पीएलसीच्या टोकाला नको. कार्ड आणि कॉन्टॅक्टर यांच्यामध्ये एक रिले घाला. सेन्सरच्या वायरी पॉवर केबलच्या ट्रेमधून बाहेर काढा.

एवढं करूनही त्रास राहिला, तर पॅनेलला सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस बसवा आणि अर्थिंग मोजून घ्या. ही कामं लायसनधारक वायरमनकडून, कापूस यायच्या आत उरका.