मागाचे बारीक भाग: शोधायचे कुठे, मोजायचे कसे

मंडळी, यंदाच्या मदतनिधी विक्रीच्या टेबलावर दहा सेंटीमीटर रुंद आणि हातभरही लांब नसलेली एक रेशमी पट्टी ठेवली आहे. तिच्यावर एक मोर आहे, उलट-सुलट दोन्ही बाजूंनी सारखाच. पट्टी इंगोलश्टाटमध्येच विणली गेली. विणायला लागले नऊ दिवस आणि माग विणण्यालायक करायला सात आठवडे! त्या सात आठवड्यांत आम्ही चौघे (तीन सॉफ्टवेअरवाले, एक मेकॅनिकल) जे शिकलो ते इथे लिहितो आहोत. उद्या कुणाला जुना माग, शिवणयंत्र किंवा आजोबांची पेटी दुरुस्त करायची झाली तर उपयोगी पडेल.

विणणाऱ्या म्हणजे आमच्यातल्या एकाच्या आई. माहेर येवल्याचं, तरुणपणी पैठणी विणलेली, पण गुडघ्यांमुळे अकरा वर्षं मागावर बसलेल्या नाहीत. इथे मुलाकडे आल्या नव्वद दिवसांच्या व्हिसावर. पायाने चालवायचा माग नको म्हणून आम्ही जुन्या सामानात मिळालेला टेबलावरचा इंग्लिश माग घेतला. आठ चौकटी, वर आठ दांड्या, दांडी दाबली की चौकट उचलते. आईंनी तो पाच मिनिटं न्याहाळला आणि म्हणाल्या, "हा लोकरीचा आहे. रेशीम कापून टाकेल."

खरंच होतं ते. मागावर ताण्याचा प्रत्येक दोरा एका उभ्या तारेच्या डोळ्यातून ओवलेला असतो. तार वर गेली की दोरा वर जातो, मधे फट पडते, त्यातून बाणा जातो. ह्या तारांना इथे जर्मनीत लित्झं म्हणतात. आमच्या मागाच्या तारा गंजलेल्या, आणि डोळ्याच्या सांध्याला बारीक धार. लोकरीला ती जाणवत नाही, रेशमाचा मात्र तासाभरात भुगा होतो.

नव्या तारा विकत मिळतात की, असं आम्हालाही वाटलं होतं. पण त्या ठरावीक लांबीतच येतात, आणि लांबी मोजतात ती वरच्या फाशापासून खालच्या फाशापर्यंत. आमच्या चौकटीची उंची कुठल्याच मापात बसेना. एका दुकानाने "चालेल" म्हणून पाठवलेल्या तारा बारा मिलिमीटर लांब निघाल्या. परत पाठवण्यात नऊ दिवस गेले. नव्वदातले नऊ!

मग जुनी पद्धत: दोऱ्याची हेडल, मधे कडी. दोरा पॉलिएस्टरचा, न ताणणारा. पण कडी? दागिन्यांच्या दुकानातल्या कड्यांना फट असते, रेशमाचा तंतू नेमका तिथे अडकतो. घड्याळजीकडच्या फारच लहान. बांधकाम सामानाच्या मोठ्या दुकानात तर तीन मिलिमीटरची कडी मागितली की माणूस आपल्याकडे दयेने बघतो. शेवटी सापडली गळाच्या दुकानात. मासे धरणारे गळाच्या दोरीला बिनसांध्याच्या अख्ख्या कड्या लावतात, कारण माशाच्या ओढीनेही त्या उघडता कामा नयेत. बाहेरून ३ मि.मी., स्टेनलेस. आम्ही तीनशे मागितल्यावर दुकानदाराने विचारलं, एवढे मासे डॅन्यूबमध्ये आहेत तरी का?

इथला धडा असा की भागाचं नाव घेऊन दुकानात जाऊ नका, त्याचं काम घेऊन जा. "हेडलचा डोळा" कुणालाच कळत नाही. "फट नसलेली, गुळगुळीत, ओढ सहन करणारी छोटी कडी" म्हटलं की मासेवाला, पतंगवाला, आगगाडीची मॉडेल्स करणारा, सगळेच विचार करू लागतात.

आता हिशेब. आम्हाला सेंटीमीटरला २४ दोरे हवे होते, म्हणजे दहा सेंटीमीटरला २४०. आई म्हणाल्या, साध्या विणीला दोनच चौकटी पुरतात. बरोबर आहे, पण दोन चौकटींवर एकेकीत १२० कड्या येतात, म्हणजे दोन कड्यांत ०.८ मि.मी. अंतर, आणि कडी ३ मि.मी.ची. बसायच्याच नाहीत. आठ चौकटींवर वाटल्या की एकेकीत ३०, अंतर ३.३ मि.मी. जेमतेम बसल्या. फणी इथल्या मोजणीने १२०/१० घेतली, दहा सेंटीमीटरला १२० घरं, प्रत्येक घरात दोन दोरे.

कड्या आणल्यावर आईंनी त्या एकेक करून ओठावरून फिरवल्या. डोळे मिटून. तीनशेतल्या चौतीस बाजूला काढल्या. आमचा भिंगाखालचा तपास त्यातल्या निम्म्यांना पास करत होता. पण टाकाऊ रेशीम दहा वेळा ओढून पाहिलं, तेव्हा आईंचंच खरं ठरलं.

दुसरी गोष्ट दांड्यांची. पैठणीच्या नक्षीत एकेका रंगाची वेगळी तिल्ली असते आणि दोन्ही हात तिथेच गुंतलेले असतात. प्रत्येक ओळीला चार चार दांड्या दाबणं अशक्य. म्हणून विषम क्रमांकाच्या चार दांड्या एका अॅल्युमिनियमच्या पट्टीला, सम क्रमांकाच्या दुसऱ्या पट्टीला जोडल्या. आमच्यातल्या एकाला मोटार आणि आर्डुइनो लावायचं होतं, त्याला कसंबसं आवरलं. दाबणं कोपराने होतं, हात मोकळे राहतात.

तीन दांड्यांचे स्क्रू मात्र गायब होते. उरलेला स्क्रू मोजला: ३.६ मि.मी. आम्ही एम ३.५ समजलो. नट दोन वेढे गेला आणि अडकला. इथे जोर लावू नका, पितळेचे आटे लगेच जातात. नुसता व्यास मोजून भागत नाही. दहा आटे मोजा, अंतराला दहाने भागा. आमचं आलं ०.६६, आणि एम ३.५ चं असतं ०.६. हा स्क्रू निघाला चार बी.ए. मोजमापाचा, ब्रिटिश असोसिएशनने १८८४च्या सुमारास ठरवलेल्या मालिकेतला. तिची गंमत अशी की शून्य क्रमांकाचं आट्यांचं अंतर १ मि.मी., पुढचं प्रत्येक आधीच्याच्या ०.९ पट. चार वेळा ०.९ केलं की ०.६५६. इंग्रजांच्या देशात, चक्क मिलिमीटरवर बांधलेलं माप! असे स्क्रू आजही वाफेच्या इंजिनाची मॉडेल्स करणाऱ्यांकडे मिळतात. नव्या पट्ट्यांना मात्र साधे एम ३ आणि प्लॅस्टिकची कडी असलेले लॉकनट लावा. फणीच्या ठोक्यांनी साधा नट दोन दिवसांत सैल होतो.

कड्यांना शेवटचं पॉलिश कसं द्यायचं ते शेजारच्या आजोबांनी दाखवलं: दोरीत ओवून पॉलिशच्या लगद्यातून मागे-पुढे ओढायच्या. ते सूतकताईची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात होते. आपण इंगोलश्टाट म्हटलं की आउडी म्हणतो, पण इथे शूबर्ट उंड झाल्त्सर ही सूतयंत्रांची मोठी कंपनी होती, पुढे ती स्विस रीटरने घेतली. त्याच रीटरचा कारखाना साताऱ्यात शिरवळजवळ विंगला आहे. आईंना हे सांगितल्यावर आजोबा एकदम घरचे झाले, चहाबरोबर चकलीही मिळाली.

हे सगळं करताना चिंतकिंदी मल्लेशम यांची आठवण निघत असे. तेलंगणातल्या पोचमपल्ली पद्धतीच्या साडीसाठी त्यांच्या आईला सूत खुंट्यांभोवती हजारो वेळा हाताने फिरवावं लागे, खांदा निकामी व्हायची वेळ. शाळा लवकर सुटलेल्या ह्या माणसाने अनेक वर्षं धडपडून १९९९ मध्ये त्यासाठी यंत्र पुरं केलं आणि त्याला आईचंच नाव दिलं, लक्ष्मी. २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या सात आठवड्यांची त्याच्याशी तुलना नाहीच, पण कंटाळा आला की कुणीतरी त्यांचं नाव घ्यायचं.

मोराची मान विणताना एक दोरा तुटला, एकच. आईंनी तो गाठ न दिसेल असा जोडला आणि आम्हाला कुठे ते ओळखायला सांगितलं. चौघांनाही ओळखता आलं नाही. पट्टी पूर्ण झाली तेव्हा व्हिसाचे अकरा दिवस शिल्लक होते, त्यातले चार त्यांनी दुसरा ताणा लावण्यात घालवले. तो ताणा अजून मागावर तसाच आहे. ज्यांना शिकायचंय त्यांनी विक्रीच्या दिवशी टेबलापाशी भेटावं. उरलेल्या सव्वीस चांगल्या कड्या एका डबीत ठेवल्या आहेत.